पन्नास टनांपासून एका चिपपर्यंत : महागडा डॅक घ्यावा का?



या मालिकेत आपण तारायंत्र, फील्ड टेलिफोन, वायरलेस असे विषय घेतले. पण ओळखीपाळखीतून मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न युद्धाचा नाही, हेडफोनचा आहे. विचारणारे बडोद्याचे असोत, इंदूरचे, बेळगावचे की हैदराबादचे, हकीकत साधारण एकच असते. नोकरी संपली, गाणं ऐकायला वेळ मिळाला. घरात टीव्ही चालू असतो, नातवंडांचा अभ्यास चालू असतो, म्हणून चांगले हेडफोन घेतले. आणि मग कुणीतरी सांगितलं, ''साहेब, हेडफोन ठीक आहेत, पण डॅक घेतल्याशिवाय खरी मजा नाही.'' बाजारात पाहावं तर डॅक हजार रुपयांनाही मिळतो आणि दहा लाखांनाही. मग फोन येतो, ''तुम्ही सिग्नल्समध्ये होतात ना? सांगा, घेऊ का?''

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या वयात दीड-दोन लाख रुपये म्हणजे ग्रॅच्युइटीचा तुकडा असतो, आणि तो एकदाच मिळतो.

मी याचं उत्तर इतिहासातून देणार आहे. डॅक हे यंत्र एके काळी खरोखरच अवघड आणि महाग होतं. ते का महाग होतं, आणि त्यातली एकेक अडचण कोणी, कधी, कशी सोडवली, हे कळलं की आजच्या किमतीकडे आपण वेगळ्या नजरेनं पाहू लागतो.

आवाजाचे आकडे

डॅक म्हणजे डिजिटल-टू-ॲनलॉग कन्व्हर्टर. मोबाइलमध्ये, सीडीवर किंवा इंटरनेटवर गाणं आकड्यांच्या रूपात असतं. कानाला आकडे कळत नाहीत, हवेची हालचाल कळते. आकड्यांवरून विजेची लहर तयार करणारं यंत्र म्हणजे डॅक. ती लहर ॲम्प्लिफायर मोठी करतो आणि हेडफोनचा पडदा हलतो. तुमच्या मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये, टीव्हीत, अगदी ब्लूटूथच्या कानातल्या बोंडातही डॅक आहेच. प्रश्न फक्त वेगळा, महाग डॅक घ्यायचा का, एवढाच आहे.

आवाजाचे आकडे करण्याची कल्पना संगीतवाल्यांची नाही, टेलिफोनवाल्यांची. ॲलेक रीव्ह्ज नावाचे इंग्रज इंजिनिअर पॅरिसमध्ये आयटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. लांब पल्ल्याच्या तारेवर आवाज जितक्या वेळा मोठा करावा, तितकी खरखरही मोठी होते, ही त्यांची अडचण. १९३७ मध्ये त्यांना सुचलं की लहर जशीच्या तशी पाठवायचीच नाही. ठरावीक वेळानं तिची उंची मोजायची आणि फक्त आकडा पाठवायचा. आकडा म्हणजे स्पंद आहे की नाही, एवढंच. वाटेत कितीही खरखर मिसळली तरी 'आहे' आणि 'नाही' ओळखता येतं. याला पल्स कोड मॉड्युलेशन, थोडक्यात पीसीएम म्हणतात. आज तुम्ही जे ऐकता त्याचा पाया तोच.

लहर किती वेळा मोजावी, याचं गणित बेल कंपनीतल्या हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या विचारातून पुढे आलं आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये ते स्वच्छ सिद्ध केलं. ध्वनीत जी सर्वांत वरची वारंवारता असेल, तिच्या दुपटीहून जास्त वेळा माप घ्या, म्हणजे मूळ लहर पूर्णपणे परत उभी करता येते. 'पूर्णपणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. जाहिरातीत डिजिटल लहर जिन्याच्या पायऱ्यांसारखी दाखवतात आणि महाग यंत्र त्या पायऱ्या गुळगुळीत करतं असं सुचवतात. नीट बनवलेल्या कोणत्याही डॅकच्या शेवटी फिल्टर असतो, आणि त्यातून बाहेर पडणारी लहर अखंडच असते. पायऱ्या चित्रात असतात, तुमच्या हेडफोनच्या वायरमध्ये नसतात.

तळघरातलं यंत्र

आकड्यांवरून आवाज करण्याचं पहिलं मोठं काम फौजेनं करून घेतलं, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यातलं रेडिओ-टेलिफोनवरचं बोलणं जर्मन ऐकत होते. म्हणून बेल प्रयोगशाळेनं 'सिगसॅली' नावाची यंत्रणा बनवली. १५ जुलै १९४३ रोजी ती सुरू झाली. बोलणाऱ्याचा आवाज दहा पट्ट्यांमध्ये विभागायचा, प्रत्येक पट्टीतला जोर सेकंदाला ५० वेळा मोजायचा, त्याला सहांपैकी एक पातळी द्यायची, आणि त्या आकड्यात गुप्त आकडा मिसळायचा. गुप्त आकडे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर असत. दोन्ही टोकांना एकसारखी तबकडी, आणि ती एकदा वापरली की नष्ट करायची.

एका ठाण्याच्या यंत्रणेचं वजन ५० टनांहून जास्त होतं. लंडनमधली यंत्रणा सेल्फ्रिजेस या प्रसिद्ध दुकानाच्या तळघरात बसवली होती. आणि इतकं सगळं करून ऐकू काय येई? कळण्यापुरता, यांत्रिक आवाज. बोलणारा कोण हे ओळखणंही अवघड.

दोन्ही टोकांच्या तबकड्या अचूक जुळून फिराव्या लागत, म्हणून अतिशय नेमकी घड्याळं लावली होती. घड्याळ चुकलं की बोलणं संपलं, नुसती खरखर उरे. घड्याळाचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

युद्धानंतर हे तंत्र नागरी टेलिफोनमध्ये उतरलं. १९६२ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीनं टी-१ ही व्यवस्था सुरू केली. सेकंदाला ८,००० मापं आणि दोन जोडतारांवर २४ संभाषणं. आपल्याकडे १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाली आणि तिची छोटी डिजिटल एक्स्चेंजेस खेडोपाडी पोचली. तिथेही हिशेब तोच, सेकंदाला ८,००० मापं, प्रत्येक माप ८ बिटांचं. महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये आम्ही फळ्यावर हेच गणित गिरवलं. बोलण्यासाठी एवढं पुरतं. संगीताला पुरत नाही.

सोळा बिटांची शिडी

माणसाचा निरोगी तरुण कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे सेकंदाला ४०,००० हून जास्त मापं हवीत. सीडीनं ४४,१०० घेतली. हा विचित्र आकडा कुठून आला? तेव्हा इतके आकडे साठवायला व्हिडिओ टेपशिवाय सोयीचं साधन नव्हतं. व्हिडिओच्या एका ओळीत तीन मापं, एका फील्डमध्ये वापरता येणाऱ्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड : गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० फील्ड, तरी गुणाकार तोच. पुढच्या चाळीस वर्षांच्या संगीताचा पाया असा व्हिडिओ टेपच्या सोयीनं ठरला.

आता बिट. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पातळ्या. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर. कागदावर हे सोपं आहे. पण त्या काळचा डॅक म्हणजे रेझिस्टरची शिडी, आणि सर्वांत वरच्या बिटाचा रेझिस्टर जर ६५,५३६ मध्ये एका भागाइतका, म्हणजे ०.००१५ टक्का चुकला, तर खालच्या बिटाला अर्थच उरत नाही. साध्या रेडिओत पाच टक्के चुकणारे रेझिस्टर चालत. हा फरक बघा. इथे डॅक खरोखर महाग होता, आणि किमतीला कारण होतं.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ विक्रीला आला. किंमत १,६८,००० येन. त्यात १६ बिटांचा एकच डॅक होता आणि तो डाव्या-उजव्या बाजूंना आळीपाळीनं वापरला जाई. फिलिप्सकडे १६ बिटांचा भरवशाचा डॅक तयार नव्हता, १४ बिटांचा होता. त्यांनी युक्ती केली. दोन मापांच्या मधली मापं गणितानं काढून वेग चौपट केला आणि चुकीचा बराचसा भाग कानाच्या मर्यादेपलीकडच्या वारंवारतांत ढकलून दिला. १४ बिटांच्या डॅकमधून १६ बिटांचं काम निघालं. शिवाय शेवटचा फिल्टर सोपा झाला. सोनीच्या पहिल्या यंत्रात तो कड्यासारखा सरळ तुटणारा फिल्टर सुट्या भागांचा होता, आणि असे फिल्टर बनवणं कटकटीचं असतं.

फिलिप्सची आणखी एक युक्ती मला फार आवडते. चिपमधले विजेचे प्रवाह अगदी समान करता येत नाहीत, म्हणून ते सतत आपसांत जागा बदलत राहतील अशी रचना रूडी व्हान डे प्लासे यांनी केली. पहाऱ्यावर एखादा जवान जरा कमी सावध असेल तर त्याला एकाच चौकीवर ठेवत नाहीत, पाळी फिरती ठेवतात. चूक राहते, पण एका जागी साचत नाही. हे तसंच.

तरीही चिप-चिपमध्ये फरक पडे. फिलिप्सच्या टीडीए-१५४१ए या चिपमधून निवडून काढलेल्या नगांवर मुकुटाचं चिन्ह छापत आणि ते महाग यंत्रांत बसवत. म्हणजे १९८०च्या दशकात 'महाग डॅक चांगला' या म्हणण्यात तथ्य होतं. लोकांच्या मनात बसलेली समजूत त्या काळची आहे. तिला खोटी म्हणता येत नाही, ती जुनी झाली आहे.

शिडी गेली, नळ आला

ती जुनी कशानं झाली? टेलिफोनच्याच दुसऱ्या एका कल्पनेनं. नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत डी यागर यांनी १९५२ मध्ये डेल्टा मॉड्युलेशनवर काम प्रसिद्ध केलं. पूर्ण उंची मोजायची नाही, 'आधीपेक्षा वर की खाली' एवढंच एका बिटात सांगायचं, पण फार वेगानं. पुढे अनेक देशांच्या फौजांनी फील्डमधल्या डिजिटल टेलिफोनसाठी हीच पद्धत धरली, कारण ती साधी आणि चिवट होती. १९६२ मध्ये तोक्यो विद्यापीठात इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी तिला सुधारलेलं रूप दिलं, त्याला डेल्टा-सिग्मा म्हणतात.

घरातला नळ घ्या. बादलीत नेमकं इतकंच पाणी पडावं म्हणून नळ सूक्ष्म अंशांनी फिरवण्यापेक्षा, पूर्ण उघड-पूर्ण बंद असा सेकंदाला लाखो वेळा केला तर? किती वेळ उघडा होता यावर पाणी ठरेल. नेमके ६५,५३६ अंश कोरलेली चावी बनवायची गरजच नाही. डेल्टा-सिग्मा डॅक हेच करतो, आणि उरलेली खरखर कानाच्या मर्यादेबाहेर नेऊन टाकतो. १९८०च्या दशकाच्या शेवटी फिलिप्सनं 'बिटस्ट्रीम' आणि मात्सुशितानं 'मॅश' या नावानं हे तंत्र सीडी प्लेअरमध्ये आणलं. अचूक रेझिस्टरची जागा वेगवान गणितानं घेतली, आणि गणित दर वर्षी स्वस्त होत गेलं.

राहिलं घड्याळ. त्याच दशकात डॅक सीडी प्लेअरच्या बाहेर, वेगळ्या डब्यात आला. आकडे एका वायरवरून येत आणि घड्याळाचा ठेकाही त्याच वायरवरून ओळखावा लागे. ठेका थोडा मागे-पुढे होई. त्याला जिटर म्हणतात. ही अडचण खरी होती. पण पुढे यूएसबीवर अशी व्यवस्था आली की डॅक स्वतःच्या घड्याळानं चालतो आणि संगणकाला सांगतो, 'मला आता आकडे पाठव.' ठेका धरणारा डॅकच झाला. आणि कानाला किती जिटर कळतो? जपानमध्ये २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत अनुभवी ऐकणाऱ्यांनाही संगीतात काहीशे नॅनोसेकंदांखालचा अनियमित जिटर ओळखता आला नाही. आजच्या साध्या डॅकमधला जिटर त्याच्या कितीतरी खाली असतो.

तर शिडी, फिल्टर आणि घड्याळ या तिन्ही अडचणी सुटल्या. आज मोबाइलला लावायचा ॲपलचा ९ डॉलरचा छोटा जोड घ्या. छोटीशी वायर दिसते, पण तिच्या टोकात डॅक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही आहेत. स्वतंत्र मोजमापांत त्याची खरखर आणि विकृती सीडीच्या १६ बिटांच्या मर्यादेच्या आसपास किंवा त्याखाली भरली आहे. ५० टनांचं काम काही ग्रॅमवर आलं, आणि आवाजही कितीतरी खरा झाला.

कान काय सांगतात

''पण मला फरक ऐकू येतो,'' असं तुम्ही म्हणाल. मी कुणाच्या अनुभवाला खोटं म्हणत नाही. पण फौजेत एक शिस्त असते. टेहळणीची खबर आली की ती दुसऱ्या वाटेनं पडताळायची. ऐकण्याच्या बाबतीत पडताळणी म्हणजे डोळे झाकून केलेली चाचणी. कोणतं यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला माहीत नाही, आणि शक्यतो बदलणाऱ्यालाही नाही.

२००७ मध्ये बोस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात अशी चाचणी छापली. उच्च प्रतीच्या डिस्कचा आवाज एकदा सरळ ऐकवला आणि एकदा मध्ये १६ बिट, ४४,१०० चा पूर्ण फेरा घालून, म्हणजे आवाजाचे आकडे केले आणि पुन्हा आवाज केला. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. फक्त आवाज खूप वाढवल्यावर शांत जागी १६ बिटांची खरखर कळली.

दुसरी बाजूही सांगतो. या चाचणीतल्या काही डिस्कचं मूळ ध्वनिमुद्रण तितक्या उच्च प्रतीचं नव्हतं, अशी टीका झाली. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. बारा हजारांहून जास्त उत्तरांत ५२.३ टक्के बरोबर निघाली, आणि खास सराव दिलेल्यांचं प्रमाण त्याहून चांगलं होतं. म्हणजे फरक शून्य आहे असं कुणी छातीठोक म्हणू नये. पण विशेष परिस्थितीत मुश्किलीनं हाती लागणारा हा फरक आहे. दुकानदार सांगतो तसा, पडदा उघडल्यासारखा नाही.

मग एवढा फरक भासतो कशानं? बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीनं. एका डॅकमधून १ व्होल्ट येतो, दुसऱ्यातून २. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल जास्त. आणि मोठा आवाज माणसाला नेहमी 'चांगला' वाटतो. तुलना करायची तर हेडफोन जोडलेला ठेवून एकाच सुराचं व्होल्टेज मल्टिमीटरनं मोजा आणि ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे साधारण एक टक्क्याच्या आत जुळवा. मग घरातल्या कुणालातरी नाणं उडवून यंत्र बदलायला सांगा. १६ वेळा ओळखा. १२ किंवा जास्त बरोबर आली, तर ती नुसत्या नशिबानं येण्याची शक्यता शंभरात चाराहून कमी. मग खुशाल म्हणा की फरक आहे. खर्च शून्य. ही चाचणी करू न देणाऱ्या दुकानातून दीड लाखाची वस्तू घेऊ नये, एवढं मी नक्की सांगेन.

आग लागली तेव्हा

अलीकडच्या इतिहासातली एक घटना फार बोलकी आहे. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमधल्या नोबेओका गावी असाही कासेई मायक्रोडिव्हायसेस या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ही कंपनी ऑडिओच्या चिप बनवते. आगीनंतर स्वस्त डॅक बनवणारे, महाग डॅक बनवणारे, स्टुडिओची यंत्रं बनवणारे, सगळेच अडचणीत आले. अनेकांना यंत्रांची रचना बदलून दुसऱ्या कंपनीच्या चिप घ्याव्या लागल्या.

यावरून काय दिसलं? डब्यांवर नावं शंभर असली तरी बहुतेकांच्या पोटात तीन-चार कंपन्यांच्याच चिप असतात. काही अपवाद आहेत. ब्रिटनच्या कॉर्ड किंवा डीसीएससारख्या कंपन्या रूपांतराचं सर्किट स्वतः रचतात. पण बाजारातल्या बहुतेक महाग डॅकमध्ये जास्तीचा पैसा ॲल्युमिनियमच्या जाड डब्यात, मोठ्या पॉवर सप्लायमध्ये, डिस्प्लेत, रिमोटमध्ये, कमी संख्येनं माल बनवण्यात आणि नावात जातो. यात फसवणूक आहे असं नाही. सुंदर घड्याळ आपण वेळ कळावी एवढ्यासाठीच घेत नाही. पण ते वेळ जास्त अचूक दाखवतं असं समजून घेऊ नये.

हेडफोनवाल्यानं पैसा कुठे घालावा

हेडफोनही नौदलाच्या वायरलेसमुळे मोठे झाले. अमेरिकेत यूटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० मध्ये आपले हेडफोन अमेरिकन नौदलाला दिले. १९३७ मध्ये जर्मनीच्या बायरनं डीटी ४८ आणला आणि १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन लोकांपुढे ठेवले. शंभर वर्षांनंतरही हेडफोन हलणाऱ्या पडद्याचंच यंत्र आहे, आणि पडदा, गादी, कानाचा आकार यांनी आवाज बदलतो. दोन चांगल्या हेडफोनमध्ये कित्येक डेसिबलचा फरक सहज असतो, दोन चांगल्या डॅकमध्ये डेसिबलच्या अंशाचा. म्हणून पहिला पैसा हेडफोनवर.

दुसरा ॲम्प्लिफायरवर, आणि तोही गरज असेल तर. ३०० ओहमचे किंवा प्लॅनर पद्धतीचे, जास्त वीज मागणारे हेडफोन असतील तर मोबाइलचा जोर कमी पडतो. यंत्राचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, हा जुना अंदाज आजही उपयोगी आहे. लॅपटॉपला हेडफोन लावल्यावर माउस हलवताना चिरचिर ऐकू येत असेल, तर बाहेरचा डॅक जरूर घ्या. पण त्यासाठी काही हजारांचा पुरतो.

तिसरा मुद्दा कानाचा, आणि तो आपल्या वयाच्या लोकांनी टाळू नये. साठीनंतर १०-१२ हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेकांना फारसं ऐकू येत नाही. तोफखान्यात किंवा रेंजवर आयुष्य गेलं असेल तर ४,००० हर्ट्झच्या आसपास कानात खड्डा पडलेला असू शकतो. तिथेच शब्दांतली व्यंजनं असतात, तंबोऱ्याच्या जवारीची झळाळीही असते. त्याचा पत्ता कानाच्या डॉक्टरकडच्या ऑडिओग्रामनं लागतो, आणि त्याला डॅकच्या किमतीचा एक बारीक तुकडा पुरतो. हरवलेलं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल आहे.

आणि आपण ऐकतो काय, तेही पाहा. अब्दुल करीम खाँसाहेबांची किंवा बालगंधर्वांची ७८ आरपीएमची मुद्रणं घ्या. त्या तबकड्यांवर वरच्या वारंवारता मुळातच मोजक्या आल्या आहेत. जे टिपलंच गेलं नाही, ते दहा लाखांचा डॅकही आणू शकत नाही. तिथे चांगली प्रत, काळजीपूर्वक साफ केलेलं मुद्रण शोधण्यात पैसा आणि वेळ घालवला तर सूर जवळ येतो.

माझं मत

हेडफोननं ऐकण्यासाठी महागडा डॅक आवश्यक नाही. नीट मोजलेला, काही हजार रुपयांचा डॅक रूपांतराचं काम कानाला कळेल तिथपर्यंत पूर्ण करतो. देखणी वस्तू टेबलावर असावी, जुन्या धर्तीच्या शिडीच्या किंवा व्हॉल्व्हच्या डॅकचा मुद्दाम वेगळा केलेला रंग आवडतो, चार यंत्रं जोडायची आहेत, पैसा आहे आणि हौस आहे, अशी कारणं असतील तर जरूर घ्या. हौसेला मोल नसतं. फक्त पेन्शनीतून, 'याशिवाय गाणं अपुरं आहे' या धाकानं घेऊ नका.

रीव्ह्ज, शॅनन, व्हान डे प्लासे, इनोसे, यासुदा या माणसांनी आयुष्यं घालवून एक अवघड गोष्ट इतकी सोपी केली की ती कुणाच्याही खिशाला परवडावी. त्यांच्या कामाचा खरा मान राखायचा, तर त्याचा हा स्वस्तपणा मोकळ्या मनानं वापरावा. वाचलेल्या पैशात एखाद्या मैफलीचं तिकीट काढा, जोडीदारासह जा. तिथे समोर गाणारा असतो, आणि मध्ये डॅक नसतो.

पुढच्या भागात पाण्याखालच्या तारांबद्दल बोलू. जय हिंद.